आमच्या घरातले साडेचार फूट

मी काष्टीच्या मावशीकडून तीन आठवड्यांनी परत आले, तेव्हा आमची कोठीची खोली लहान झाली होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरची भिंत नको इतकी जवळ आहे असं वाटलं. बाजरीची कणगी, जातं, खुंटीवरची घोंगडी, सगळं होतं, पण एकमेकांच्या अंगावर आल्यासारखं. भिंतीला नुकताच शेणामातीचा हात फिरवलेला होता आणि तो ओला वास खोलीतून जात नव्हता. मी म्हटलं, "आई, ही खोली आटली गं." आई चुलीपुढं बसली होती. मागं न बघता म्हणाली, "खोली कशी आटंल? तूच वाढलीस." अकराव्या वर्षी आपण वाढलो असं कोणीही सांगितलं तरी पटतं. मलाही पटलं. मी दिवसभर दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची बघत फिरले.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, नेवाशाच्या अंगाला. ख्रिस्ती आळी गावाच्या वरच्या टोकाला आणि नदी खालच्या टोकाला, मधे सगळं गाव. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझा थोरला भाऊ पौलस पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला होता, आणि आदल्या पावसाळ्यात तो बेपत्ता असल्याची, बहुधा मेल्याची तार आली होती. पाळकसाहेबांनी देवळात त्याच्यासाठी, मेलेल्या माणसासाठी घेतात ती उपासना घेतली. पाटीलसुद्धा येऊन मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्या दिवसापासून आईनं घरात हुलग्याची शेंगोळी करणं सोडलं, कारण पौलस ती परातभर खायचा आणि वर कढईला भाकर फिरवून घ्यायचा. मी काष्टीहून आले त्या आठवड्यात मात्र घरात शेंगोळ्यांचा वास आला. मी शाळेतून धावत आले, तर माझ्या ताटात भाकर आणि लसणाची चटणी. "शेंगोळी कुठंयत?" म्हटलं, तर आई म्हणाली, "तुला भास झाला." आता आई सहसा खोटं बोलत नसे. खोटं बोलल्यावर तिच्या मानेवर लाल चट्टे उठत, आणि त्या दिवशी ते उठले होते, पण मी पोट भरण्याच्या मागं होते, मानेकडं कोण बघतं!

मला तेव्हा एकच वेड होतं, नमुना मंडळ. आमच्या गावात मोजणीकाका म्हणून होते. जमीन मोजणीच्या खात्यात जन्म घालवून, गुडघे गेल्यावर घरी बसलेले. बसवत नव्हतं म्हणून त्यांनी शाळेच्या मागच्या खोलीत हे मंडळ काढलं. भागूमावशी कुंभारीण, सुताराची दोन मुलं, शाळेतले आम्ही पाच-सहा जण. जुने दोन दरवाजे शेजारी शेजारी मांडून त्यावर आमचं अख्खं गाव उभं करायचं होतं, दहा फुटाला एक इंच या मापानं. नगरला लष्कराच्या हद्दीत एक प्रदर्शन भरणार होतं, तिथं ते जायचं होतं. भिंतीची माती नदीतून आणून फडक्यातून गाळायची, त्यात पिंजलेला कापूस आणि घोड्याची लीद मिसळून तीन दिवस मुरू द्यायची, म्हणजे वाळताना तडकत नाही. ज्वारीच्या ताटातला पांढरा गाभा पात्यानं कापून त्याच्या तुळया करायच्या. डिंक पावसाळ्यात सुटतो म्हणून चिकटवायला चिंचोक्यांची खळ. झाडांसाठी वाळलेल्या मंजिऱ्या, चुन्यात बुडवून वर हिरवा रंग. आजही माझी नात शाळेसाठी थर्माकोलची घरं करते, ती मला बघवत नाहीत. ती घरं आतून पोकळ असतात.

काकांचा नियम असा की, प्रत्येक घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, झाकणासारखं उचलता आलं पाहिजे, आणि उचलल्यावर आतल्या खोल्या खऱ्या निघाल्या पाहिजेत. "बाहेरून घर कुनीबी करील," ते म्हणत. "आतलं माप बाहेरच्या मापाला भेटलं पायजे. न्हाई भेटलं तर तुमी खेळनं केलं, नमुना न्हाई." त्यासाठी गाठी मारलेली सुतळी घेऊन आम्ही घरोघर फिरायचो. आधी बाहेरून मोजायचं, मग आतून एकेक खोली, मग दारांच्या उंबऱ्यांवर भिंतींची जाडी, आणि शेवटी बेरीज. काकांच्या वहीत खाडाखोड नसे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एक चुकीचं माप लिहिलं नाही, हे ते दर शनिवारी एकदा सांगत आणि आम्ही ते त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत असू.

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. एका दुपारी बाबा शाळेत, आई नदीवर, अशी वेळ साधून सुतळी घेतली. बाहेरून घर छत्तीस फूट भरलं. आतून तीन खोल्या आणि भिंती मिळून साडेएकतीस. पुन्हा मोजलं, पुन्हा साडेएकतीस. साडेचार फूट घर बाहेर होतं, ते आत नव्हतं. कोठीच्या खोलीत सुतळीचं टोक मागच्या भिंतीला लावायला मी कणगीआड वाकले आणि तशीच राहिले. भिंतीपलीकडं कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मग माझी सुतळी भिंतीला घासली तसा तो श्वास थांबला. मी थांबले, तोही थांबला. बाहेर कोंबडी ओरडत होती. आणि मग आतून बोटांची टिकटिक आली, दोन संथ, तीन जलद. जेवण यायला उशीर झाला की पौलस ताटावर असाच ठेका धरायचा. आई ओरडायची, ताट वाजवू नको, दळिद्र येतं.

मी किती वेळानं बाहेर आले ते आठवत नाही. सुतळी आतच राहिली. भुतांच्या गोष्टी गावात ढीगभर होत्या, पण ती भुतं पिंपळावर, बारवेत, लोकांची. आपल्या घरातलं, आपल्या आईच्या हातची शेंगोळी खाणारं भूत कोणी सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला, की तो मरून घरी आला आणि हे मला कोणी सांगितलं नाही. आईला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, हीच भीती होती.

आणि मग मी ती चूक केली. नमुना मंडळात वाढलेलं मूलच ती करील. भुताचं कोणाला सांगायचं नाही इतकी अक्कल मला होती, पण बेरीज चुकलेली सांगायची नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शनिवारी सगळ्यांदेखत मी उभी राहिले आणि म्हणाले, "काका, आमच्या घरात साडेचार फूट कमी भरतात." सुताराची मुलं हसली. भागूमावशी मातीच्या हातांनी म्हणाली, "अगं, उंदरांनी खाल्लं असंल." काका हसले नाहीत. त्यांनी वही मिटली. "चल, मी बघतो," म्हणाले. दारात बाबा उभे होते. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तोंड हसण्यासारखं केलेलं आणि डोळे माझ्यावर. मी काहीतरी भयंकर करून बसले आहे एवढं मला तेव्हा कळलं, काय ते नाही.

गावातून आमच्या घरी येऊन पाणी पिणारे मोजणीकाका एकटेच. त्या दिवशीही आईनं तांब्या पुढं केला. काकांनी लोखंडी साखळी काढली, बाहेरून मोजलं, आतून मोजलं. गुडघे धरत कोठीच्या खोलीत शिरले, मागच्या भिंतीशी उकिडवे बसले आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवत चालले. भरीव भिंत आणि पोकळ भिंत, दोन्हींचे आवाज मी त्या दिवशी शिकले. कणगीच्या मागं आवाज बदलला. काकांचं बोट थांबलं. आतून खोकला आला, तोंडावर कापड दाबलेला, एकदाच. आई चौकटीत उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. साखळीची कडी कडीवर घासली. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, वही मांडीवर घेतली आणि मोठ्यानं उच्चारत लिहिलं, "मागची भिंत. जाडी साडेसहा फूट."

साडेसहा फुटांची भिंत नगरच्या किल्ल्याला शोभली असती. काका उठले, मातीचे हात धोतराला पुसले. "मास्तरीनबाई, भिंत लई जाड घातलीय मास्तरांनी."

"व्हय," आई म्हणाली. "उनाळ्यात गार ऱ्हाती."

"गार ऱ्हाती, पर आत वल धरती. जास्त दिस न्हाई ठिवायची अशी." मग माझ्याकडं वळून, "आन् तू गं? बेरीज जमली का आता?"

"जमली," मी म्हटलं. पंचवीस वर्षांत एक चुकीचं माप न लिहिलेला माणूस माझ्यापायी खोटं लिहून बसला होता, आणि मला रडू आवरत नव्हतं.

काका गेल्यावर आईनं मला कणगीमागं नेलं. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चार कच्च्या विटा सुट्या होत्या. तिनं त्या काढल्या. "बग," म्हणाली. "भूत न्हाई त्यो." आत अंधार, मुताचा आणि तापाचा वास, आणि त्यातून एक दाढी आणि पिवळे डोळे पुढं आले. लढाई सोडून तो पळून आला होता. कसा, कुठून, किती चालून, ते त्यानं आईलाही धड सांगितलं नाही. सापडला असता तर पलटणीनं त्याचं काय केलं असतं ते बाबांना ठाऊक होतं. म्हणून मला काष्टीला धाडून त्यांनी स्वतःच्या हातांनी ती भिंत घातली होती. पौलसनं मला ओळखायला जरा वेळ घेतला. मग घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारावं? "मार्थे, माझी उपासना झाली म्हनं. किती मानसं आल्ती?"

"लई," मी म्हटलं. "पाटीलबी आल्ता."

"पाटील?" तो आवाज न करता हसला. त्याचे खांदे हलत होते आणि तोंडातून काही निघत नव्हतं. जिवंत माणसाला असं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही, आणि देव न करो, पाहायला लागू नये.

त्याला गोदावरी ओलांडून मोगलाईत जायचं होतं. निजामाच्या मुलखात गेलं की इंग्रजाचा शिपाई मागं येत नाही, असं सगळेच म्हणत. पण वरच्या अंगाला सडक आणि सडकेवर पोलीस चौकी. दुसरी वाट एकच, भर गावातून खाली नदीच्या उतारावर, जिथं पाणी पायी ओलांडता येई. रात्री वेशीला पहारा, लढाईमुळं गस्त वाढलेली, कुत्री वेगळी. दिवसा दारादारात माणसं. आणि साडेचार फुटांत तो दिवसेंदिवस खंगत चालला होता.

पुढल्या आठवड्यात काकांनी गावात दवंडी दिली. नमुना नगरला जायच्या आधी गावानं तो बघावा, आपापलं घर तपासावं, चूक असेल तर तोंडावर सांगावी. दिवस अमावस्येचा, वेळ भर दुपारची. अमावस्येला कोणी औत धरत नाही, बैल दावणीला असतात, माणसं घरात. काकांनी मला एक चिठ्ठी दिली. माळवदं कुठल्या क्रमानं उचलून दाखवायची त्याची. "घाई करू नगो. येका घरावर दोनशे पावलं." मी चिठ्ठी वाचली. वरच्या आळीपासून कुंभारवाडा, मारुतीचा पार, पाटलांचा चौक, गयाआजीचं खोपट, नदी. घरं नव्हती ती, रस्ता होता. मी काकांकडं पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते.

त्या दुपारी झाडून सगळं गाव शाळेच्या पटांगणात होतं. शाळा गावाबाहेर, टेकाडावर. आई तोंडाला पदर लावून बायकांत उभी होती, बाबा मुलांना रांगेत लावत होते. घराला कडी लावलेली नव्हती, आणि पौलसलाही तोच क्रम, तीच पावलं सांगून ठेवली होती. मी माळवद उचलायची, आणि लोक वाकायचे. आपलं घर एवढंसं झालेलं बघून माणसं कशी गप्प होतात, ते मी तेव्हा पाहिलं. कोणी बोटानं स्वतःच्या दारावर टेकायचं आणि चटकन काढून घ्यायचं. मी मोठ्यानं सांगत होते, हा आड, ही भागूमावशीची भट्टी, आणि मनात पावलं मोजत होते. शंभर. दीडशे. दोनशे. खाली खरं गाव उन्हात पडलं होतं, एका माणसाशिवाय मोकळं, निदान मला तसं वाटत होतं, आणि त्या माणसाची उपासना झालेली होती. तिकडं बघायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. माझं बोट मारुतीच्या पारापाशी होतं, म्हणजे तो पारापाशी होता. माझ्या बोटाखालून माझा भाऊ चालला होता.

पारामागच्या देवळाचं झाकण मी परत ठेवलं, तोच पाटील म्हणाला, "बरं हाय. चला, जेवायचं राह्यलंय." आणि निघालाच. चौकात तो आणि पौलस समोरासमोर आले असते. मी घाईनं पाटलाच्या वाड्याचं छत उचललं. "पाटील, तुमचा गोठा!" पाटील परत आला, वाकला, आणि त्याच्या कपाळाची शीर फुगली. "हा माझा गोठा? आरं, ह्यात चार बैलं बी मावायची न्हाईत. माझी धा जनावरं हायती!" गोठा अर्ध्या इंचानं आखूड होता. मी स्वतः तो बरोबर केलेला होता. त्या सकाळीच कोणीतरी तो कापून परत चिकटवला होता, खळ अजून ओली होती. काका शांतपणे म्हणाले, "माप बरोबर हाय, पाटील. पंचवीस वर्सांत माझं माप चुकलं न्हाई." झालं. पाटलानं वही मागितली, काकांनी चष्मा शोधला, अर्धं गाव पाटलाच्या बाजूनं आणि अर्धं काकांच्या. मी चारशे पावलांपर्यंत मोजलं, मग सहाशे, मग मोजणं सोडलं. आईनं पदराआडून माझ्याकडं पाहिलं. तो उतार ओलांडून गेला होता.

दोन दिवसांनी नमुना गाडीवर घालून बेलापूरच्या स्टेशनवर गेला. त्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. कारण तोवर गयाआजी बोलली होती. नदीकडच्या खोपटात राहणारी ती म्हातारी, डोळ्यांत फुलं पडून आंधळी झालेली, एवढी एकटीच त्या दुपारी घरी होती. "पौलस माझ्या दारावरनं गेला," ती सांगत सुटली. "म्या म्हनलं कोन? तर म्हनला, मी पौलस हाय आजी. पाय वाजले न्हाईत बग त्याचे." अमावस्येची भर दुपार, मेलेला शिपाई, नदीची वाट. संध्याकाळच्या आत आमच्या आळीतून पोरं जायची बंद झाली. पण पाटील हुशार होता. तो आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "मास्तरीनबाई, मेल्याली मानसं आपलं नाव सांगत्यात व्हय?"

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मलाबी दिसतो त्यो. रोज दुपारी. भाकर मागतो." आणि मोठ्यानं रडायला लागली. मानेवरचे चट्टे रडण्यात झाकून गेले. पाटलाची खात्री पटली का, देव जाणे. तो म्हणाला, तुमच्या पाळकाला बोलवा आणि काय ते करून टाका, गाव घाबरलंय.

पाळकसाहेब आले. भूतखेत काही नसतं म्हणून त्यांनी आधी सगळ्यांना दटावलं आणि मग आईच्या समाधानासाठी म्हणून प्रार्थना केली. आमच्या मधल्या खोलीत माणसं दाटली होती, पाटील दारात. पौलसला तुझ्याजवळ ठेव, त्याला या घराकडं पुन्हा येऊ देऊ नको, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि थांबले. शेवटचा शब्द घरच्यांनी म्हणायचा असतो. बाबांची मान खाली. आईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. दोनदा हलले, आवाज आला नाही. पाटील आईच्या तोंडाकडं बघत होता. मग मी म्हटलं, आमेन. चांगलं मोठ्यानं, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं.

लढाई संपली, निजामाची मोगलाई गेली, पळून गेलेल्यांची कोणी चौकशी करीनासं झालं. पौलसचं पत्र आलं नाही, तो आला नाही, कोणाला कुठं भेटला असं ऐकूही आलं नाही. आई त्यानंतर एकवीस वर्षं जगली. रोज दिवेलागणीला आमच्या घरात आळीपाळीनं प्रार्थना म्हणायची रीत होती, एक दिवस बाबा, एक दिवस आई, एक दिवस मी. मी ते आमेन म्हटलं त्या दिवसापासून आईनं माझी पाळी स्वतःकडं घेतली.